भरल्या शेताची जागल

केडगावच्या मुक्ती मंडळीचा इतिहास

१९०० साल सरत आले तेव्हा केडगावच्या मुक्तीत एकोणीसशेच्या वर माणसे दोन वेळ जेवत होती. त्याआधी पाचच वर्षे तिथे खडकाळ माळ होता. पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशनाजवळची सुमारे शंभर एकर जमीन पंडिता रमाबाईंनी घेतली ती विधवांसाठी काढलेल्या आपल्या शारदा सदनाच्या पोटापाण्यासाठी. फळबाग लावावी, तिचे उत्पन्न यावे आणि परदेशच्या देणगीवरचा भार हलका व्हावा, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्या बागेच्या जागी पाहता पाहता गाव वसले. विहिरी खोदल्या गेल्या, वसतिगृहे उठली, माग बसले. २० सप्टेंबर १८९९ रोजी क्रुसाच्या आकाराच्या मोठ्या प्रार्थनामंदिराचा पाया घातला गेला. इंग्लंड-अमेरिकेच्या नियतकालिकांतून मुक्तीचे गोडवे गायले जाऊ लागले आणि केडगाव स्टेशनावर परदेशी पाहुणे उतरू लागले.

बहुतेक संस्थांच्या स्मरणिका याच घटकेवर रेंगाळतात, आणि त्यात गैर काही नाही. पण आपल्या मंडळीचा इतिहास लिहायचा तर या घटकेनंतर काय झाले तेच विस्ताराने सांगावे लागेल. हे सगळे उभे राहिल्यावर रमाबाई सुस्तावल्या नाहीत, उलट अधिक सावध झाल्या. ज्वारी पेरताना शेतावर कोणी जागल करीत नाही. कणसात दाणा भरला की मग शेतकरी गोफण आणि घोंगडी घेऊन माळ्यावर मुक्कामाला जातो. रमाबाईंनी मंडळीची जागल सुरू केली तीही अशी दाणा भरल्यावरच.

हा सावधपणा त्यांनी दुसऱ्यांना शिकवण्याआधी स्वतःच्या बाबतीत शिकून घेतला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांची लहानगी मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. बाहेरच्या जगाच्या लेखी प्रवास तिथे पुरा झाला. एक विदुषी, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले होते, ती ख्रिस्ती झाली. यापुढे सांगण्यासारखे काय उरले? पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, ख्रिस्ती धर्म मिळाला तरी त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त आपल्याला मिळालेला नव्हता, आणि हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे जावी लागली. म्हणजे साल १८९१. हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन तोवर पुण्यात येऊन स्थिरावले होते. पाठीशी बोस्टनची रमाबाई असोसिएशन होती आणि सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. उणे असे काही नव्हते. नेमक्या त्याच वेळी या बाईंनी स्वतःला विचारले की, मी ज्याचे नाव घेते त्याला ओळखते का?

पुढे मुक्तीत जे जे घडले त्याचे मूळ आमच्या मते या प्रश्नात आहे.

या प्रश्नाची किंमतही लगेच मोजावी लागली. शारदा सदनात धार्मिक शिक्षण द्यायचे नाही असा नियम होता आणि तो पाळला जात होता. पण रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने तोफ डागली, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. तडजोडीची वाट सोपी होती, दार लावून प्रार्थना करायची. दार लावले गेले नाही. त्या वेळच्या समाजधुरीणांची बाजूही समजून घेतली पाहिजे. आपल्या विधवा मुली ज्या विश्वासाने सोपवल्या त्या विश्वासाला धक्का लागला असे त्यांना मनापासून वाटले. याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, आणि कर्व्यांनी १८९६ साली हिंदू विधवांसाठी स्वतंत्र आश्रम काढला. महाराष्ट्रातल्या स्त्रियांचे त्यात कल्याणच झाले.

मग दुष्काळ आला. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाईंना आपले लहानपण आठवले. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेली होती. उपासमार म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे एवढ्या जणींना शहरात ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून केडगावच्या त्या बागेत तंबू ठोकले, झोपड्या घातल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाचे रीतसर समर्पण झाले. १९०० च्या गुजरात-राजपुतान्याच्या दुष्काळात रमाबाईंनी जी माणसे पाठवली त्यांत आधीच्या दुष्काळातून वाचलेल्या मुलीही होत्या. चार वर्षांपूर्वी जिला कोणी उचलून आणले होते, तीच आता दुसरीला उचलून आणत होती. आलेल्यांपैकी कित्येक जगल्या नाहीत. हाडांचा सापळा झालेली पोरे, हगवण, डोळे गेलेली मुले यांची सेवा ज्यांनी केली त्यांची नावे आज फारशी कोणाला माहीत नाहीत.

१८९७ च्या नोव्हेंबरात भीमेच्या पात्रात शंभरावर मुलींचा बाप्तिस्मा झाला. बैलगाड्या जुंपून सगळा तांडा नदीवर गेला होता. त्यानंतरच्या वर्षांत आकडे वाढतच गेले. तेव्हापासून एक आक्षेप घेतला जात आहे आणि आजही आपल्याला तो ऐकावा लागतो: उपाशी पोरींना भाकर दिली आणि तिच्याबरोबर धर्म दिला. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्या मुलीला दुसरा आसराच नाही तिच्या ‘हो’ला किती वजन द्यायचे, हा प्रश्न खरा आहे. मात्र तो प्रश्न बाहेरच्यांच्या बरोबरीने, कदाचित त्यांच्याहून कठोरपणे, मुक्तीच्या आत विचारला गेला. नदीत उतरलेल्या किती जणींच्या जिवाला काही झाले? किती जणी केवळ रांगेत होत्या म्हणून उतरल्या? रमाबाईंना स्वतःची आठ वर्षे आठवत होती. मोठ्या संख्येने त्यांना भुलवले नाही याचे कारण हेच असावे.

पैशाच्या बाबतीतही जागल चालू होती. बोस्टनच्या असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते, त्याची मुदत १८९८ ला संपली. रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि नवी व्यवस्था लागली. त्या दूर असताना केडगावचा भार नुकत्याच आलेल्या मिशनरी मिनी एब्रम्स यांनी आणि पुण्याचा भार सहकारी सुंदराबाई पवार यांनी वाहिला. अमेरिकेचा पैसा शारदा सदनासाठी, म्हणजे धर्मनिरपेक्ष शिक्षणासाठी, होता. मुक्ती उघडउघड ख्रिस्ती संस्था, तिला ठरलेले वार्षिक उत्पन्न नव्हते. दोन्हींचे खाते वेगळे राहिले. दोन हजार माणसांच्या रोजच्या जेवणाची तजवीज करताना अशी वेगळेपणाची शिस्त पाळणे किती अवघड असते हे संस्था चालवणाऱ्यालाच कळेल. मुक्तीची तिजोरी पुष्कळदा रिकामी होत असे, आणि मग सगळी मंडळी प्रार्थनेला बसत असे. दान आले की ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रकातून त्याची पोच जात असे.

आणखी एक गोष्ट. संस्थेला नाव मिळाले की तिच्या दारातून कोणाला आत घ्यायचे याविषयी ती चोखंदळ होते. देणगीदारांना दाखवायला सुस्वच्छ, हुशार मुली बऱ्या वाटतात. मुक्तीने उलट केले. १८९९ साली कृपा सदन निघाले ते ज्यांना समाजाने ‘पतित’ म्हणून टाकले होते अशा बायकांसाठी. म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन आणि आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन निघाले. यरीहोच्या वाटेवर बसून प्रभूला हाक मारणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाचे नाव त्या सदनाला देण्यात केवढे ममत्व आहे! तिथे मुली बोटांनी ब्रेल वाचायला शिकल्या. शारदा सदनात सुरुवातीला जातीचे सोवळे सांभाळावे लागले होते. केडगावात ब्राह्मण विधवा आणि दुष्काळात सापडलेली मजुराची पोर एकाच पंगतीत बसली. ही पंगत साधी होती. रमाबाई जन्मभर शाकाहारी राहिल्या, पांढरे लुगडे नेसल्या आणि प्रार्थनामंदिरात सगळ्यांसारख्या जमिनीवर बसल्या.

सकाळी लवकर घंटा होई. प्रार्थना, मग शाळा, मग काम. शेत, गोठा, माग, तेलाचा घाणा, भट्टी, धुलाई, शिवण, टोपल्या विणणे, भांड्यांना कल्हई करणे, छापखाना. जी जिथे बरी पडे ती तिथे. एकीने दोन-तीन कामे शिकायची असा प्रघात होता. बाहेर पडल्यावर तिने कोणाच्या दयेवर जगू नये हा त्यामागचा विचार. सेवा घेणारी आणि सेवा करणारी असे दोन वर्ग मुक्तीत पडू दिले गेले नाहीत, आणि आमच्या मते मंडळी टिकण्यामागे या गोष्टीचा वाटा कुठल्याही मोठ्या सभेपेक्षा जास्त आहे.

आता १९०५.

त्या वर्षी जे झाले त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, काही भाबडेपणाने, काही उपहासाने. त्यामुळे क्रम नीट सांगणे बरे. ऑस्ट्रेलियातील आत्मिक जागृतीचे वृत्त कानी आले तेव्हा रमाबाईंनी १९०३ च्या सुमारास मनोरमाबाई आणि मिनी एब्रम्स यांना तिकडे पाठवले. पुढे वेल्समधील संजीवनाच्या बातम्या आल्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारले की, रोज वेगळे जमून प्रार्थना कोण करील? सत्तर जणी उभ्या राहिल्या. जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. दिवसातून दोनदा त्या जमत. काय मागत होत्या? आणखी मुली, आणखी इमारती, आणखी पैसा नव्हे. ज्यांचा बाप्तिस्मा होऊन गेला होता त्यांचे, म्हणजे स्वतःचेच, खरे परिवर्तन मागत होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला मुक्ती पूर्ण यशस्वी दिसत होती, आणि आत सहा महिने ही मागणी चालली होती.

२९ जूनच्या पहाटे वसतिगृहातली एक मुलगी जागी झाली, रडू लागली, प्रार्थना करू लागली. शेजारच्या एकीला तिच्या अंगावर आग दिसली. ती धावत गेली, पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार तोच तिच्या ध्यानात आले की ही जाळणारी आग नाही. मिनी एब्रम्स यांनी ही हकीगत दुसऱ्या वर्षी पुस्तिकेत लिहिली. ती वाचताना आम्हांला त्या बादलीवाल्या मुलीचे फार कौतुक वाटते. आग दिसली म्हणजे आधी पाणी आणायचे, एवढी शुद्ध तिच्यात होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय नेहमीच्या संथ आवाजात समजावून सांगत होत्या, आणि सगळी सभा एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागली. त्यांना बोलणे थांबवावे लागले. कित्येक दिवस शाळा मागे पडली. मुली पापांची कबुली देत होत्या, रडत होत्या, मग गात होत्या.

रमाबाई शास्त्र्याच्या घरात वाढलेल्या, अर्धा जन्म पाठांतर आणि व्याकरण यांत घालवलेल्या. हा गलबला त्यांच्या स्वभावाचा नव्हता. काही मिशनरी मंडळींनी त्यावर टीकाही केली. तरी त्यांनी तो दडपला नाही, कारण साध्या खेडवळ मुलींनी देवाशी कसे बोलावे हे पंडितांनी ठरवू नये असे त्यांचे मत झाले होते. पण त्याचबरोबर त्यांनी आणि एब्रम्सबाईंनी एक पथ्य पाळले. पवित्र आत्म्याचे दान समजले जाणारे अन्य भाषांत बोलणे हे कोणाच्याही विश्वासाचे मोजमाप केले नाही. जिला ते दान मिळाले तिला मिळाले, जिला नाही ती उणी नाही. पुढे जगभर या एका मुद्द्यावरून मंडळ्या फुटल्या हे आठवले म्हणजे केडगावच्या या समंजसपणाची किंमत कळते.

खरी कसोटी त्यानंतर होती. असा अनुभव येऊन गेला की मंडळी त्याच्या आठवणीवर जगू लागते. वर्षातून एकदा ती रात्र साजरी करायची, पाहुण्यांना ती खोली दाखवायची, आणि नव्या पिढीने तसेच रडावे अशी अपेक्षा धरायची. मुक्तीत ती आग कामाला लावली गेली. सुमारे सातशे मुलींच्या टोळ्या पडल्या आणि पाळीपाळीने रोज साठेक जणी आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. घरी राहिलेल्या त्यांच्यासाठी प्रार्थना करीत. दुपारी उन्हात चालून आलेली मुलगी संध्याकाळी पुन्हा मागावर बसे. भावनेच्या लाटेवर नुसते तरंगत राहायला कोणाला सवडच नव्हती.

केडगावची ही हकीगत कुठवर गेली हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. एब्रम्सबाईंची पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात वाल्पाराइसो येथे हूव्हर या मेथडिस्ट दांपत्याच्या हाती पडली. ती वाचून त्यांची मंडळी प्रार्थनेला लागली आणि १९०९ साली तिथे जी जागृती झाली तिच्यातून चिलीची पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. दौंड तालुक्यातल्या दुष्काळग्रस्त मुलींच्या प्रार्थनेचे फळ पॅसिफिक महासागराच्या काठी लागले. या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याचे कारण नाही.

अशा उत्कर्षाच्या काळात दुसरे कोणी असते तर व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेले असते. रमाबाई शब्दकोश घेऊन बसल्या.

बायबलचे मराठी भाषांतर होते, चांगले होते, पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर होती. केडगावच्या मुलींना, आणि त्यांच्याहूनही त्या ज्या खेड्यांत जात तिथल्या बायकांना, ती ऐकून अर्थ लागत नसे. ज्यांना संस्कृत आईच्या तोंडून मिळाले होते त्या रमाबाईंनी संस्कृत शब्द बाजूला ठेवून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत सगळे पवित्र शास्त्र उतरवण्याचे ठरवले. वय पन्नाशीकडे झुकले होते. त्या दोन्ही भाषा शिकल्या. इतरांना शिकता याव्यात म्हणून त्यांनी मराठीतून त्यांची साधने तयार केली. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले.

मुक्तीच्या छापखान्याबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. तिथे खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या बायका-मुली होत्या. मराठीच्या जोडाक्षरांचे, काना-मात्रांचे शेकडो खिळे, प्रत्येकाचे घर वेगळे. त्यांच्या शेजारी ग्रीकचे खिळे, आणि उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रूची ओळ. एकाच पानावर दोन दिशांनी वाचल्या जाणाऱ्या लिप्या जुळवायच्या तर नजर आणि बोटे दोन्ही तयार हवीत. हे काम ज्या करीत त्यांतल्या अनेकींना मुक्तीत येण्याआधी पाटीवरचा ‘अ’ही माहीत नव्हता. एक मुद्रित निघाले की ते रमाबाईंकडे जाई, खुणा होऊन परत येई, आणि खिळे पुन्हा उपसले जात. मंडळीची निष्ठा म्हणजे काय असे कोणी विचारले तर आम्ही १९०५ च्या त्या रात्रीआधी या छापखान्यातल्या पंधरा वर्षांकडे बोट दाखवू.

संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये. मराठी मंडळ्यांत ते रुळले नाही. उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर राहिले, आणि रमाबाईंच्या बायबलच्या प्रती कपाटांत गेल्या. आपल्याच मंडळीनेही ते रोजच्या वाचनात ठेवले नाही. ही आपली चूक झाली असे आम्हांला स्पष्ट वाटते. जे पुस्तक खास आपल्यासाठी, आपल्या बोलीत, आपल्याच आज्या-पणज्यांच्या हातांनी जुळवले गेले, ते आपण अभिमानाची वस्तू म्हणून जपले आणि वाचायचे सोडून दिले.

१९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २४ जुलै १९२१ रोजी, मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांच्या होत्या. आईनंतर मुक्ती त्याच सांभाळतील असे सगळ्यांनी धरून चालले होते. शिक्षण झाले होते, अनुभव होता, गुलबर्ग्यालाही त्यांनी शाळा काढली होती. ज्या बाईने आईवडील, बहीण, भाऊ, नवरा असे एकेक करून पोचवले होते तिच्यावर शेवटी मुलीलाही निरोप देण्याची पाळी आली. त्या दुःखातही मुद्रिते तपासणे थांबले नाही. काम पुरे व्हायला दहा दिवस हवेत अशी प्रार्थना रमाबाईंनी केली आणि ते दहा दिवस त्यांना मिळाले, असे मुक्तीत पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

एका व्यक्तीभोवती उभी राहिलेली संस्था त्या व्यक्तीनंतर बहुधा दोनपैकी एका वाटेने जाते: वारसांच्या भांडणात मोडते, किंवा समाधी होऊन बसते. मुक्ती मोडली नाही याचे श्रेय त्यानंतर धुरा वाहणाऱ्या परदेशी भगिनींना आणि इथेच वाढून इथेच शिक्षिका, परिचारिका, गृहमाता झालेल्या स्त्रियांना आहे. रमाबाईंनी मुक्ती कुठल्याही एका पंथाच्या दावणीला बांधली नव्हती. अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊनही त्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा बिशपच्या हवाली केली नाही, हे वाँटेजच्या भगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. ते स्वातंत्र्य मंडळीला वारशाने मिळाले. स्वातंत्र्यानंतरच्या काळात परदेशी भगिनी कमी होत गेल्या आणि कारभार भारतीय हातांत आला. निराधार स्त्रिया आणि मुले आजही केडगावला येतात. शाळा चालू आहे, दवाखाना चालू आहे, आणि क्रुसाच्या आकाराच्या त्या मंदिरात रविवारची उपासना चालू आहे. २६ ऑक्टोबर १९८९ रोजी भारतीय टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले. पाठ्यपुस्तकांत त्यांचा धडा आला, चरित्रे निघाली, विद्यापीठांतून प्रबंध झाले.

म्हणजे यश पुन्हा एकदा दाराशी येऊन उभे आहे, यावेळी कीर्तीच्या रूपाने. दुष्काळ नाही, पुण्याची वर्तमानपत्रे तुटून पडत नाहीत, तिजोरी रिकामी म्हणून रात्रभर गुडघ्यांवर बसावे लागत नाही. प्रकटीकरणात सार्दीसच्या मंडळीला ती जिवंत म्हणवली जात असतानाच जागी होण्याची ताकीद मिळाली, आणि लावदिकीयाच्या मंडळीला काही कमी नाही असे वाटत असताना तिचे दारिद्र्य दाखवून दिले गेले. त्या पत्रांचे वाचन आपल्याकडे अनेकदा होते. ते ऐकताना आपण कुठल्या मंडळीत बसलो आहोत हे आठवले पाहिजे. टाकून दिलेली बाई आज कोण आहे? घरातून हाकललेली, व्यसनी नवऱ्याने मारलेली, एचआयव्हीमुळे नातेवाइकांनी सोडलेली, परराज्यातून फसवून आणलेली. तिच्यासाठी कृपा सदनाचे दार तितकेच सताड उघडे आहे का, की ती आली तर आपल्या मुलांच्या शाळेचे नाव खराब होईल अशी कुजबुज होते? सदनात वाढलेल्या मुलीला सून करून घ्यायला मंडळीतली किती कुटुंबे पुढे येतात? जात आपण पंगतीतून घालवली, ती लग्नाच्या बोलण्यात परत येऊन बसली आहे काय? बाप्तिस्म्याच्या वहीतल्या आकड्यांपेक्षा रमाबाईंना जो प्रश्न मोठा वाटला, तो आपल्या वार्षिक सभेच्या कामकाजात कुठे येतो? हे प्रश्न अवघड आहेत. गौरवग्रंथात ते बरे दिसत नाहीत हेही खरे. पण ते वगळून मुक्तीचा इतिहास लिहिला तर तो मुक्तीचा राहत नाही.

शेवटी एक विनंती. रमाबाईंचे नाव जगाने जपले. त्यांच्याबरोबर ज्या शेकडो जणींनी पाणी भरले, खिळे जुळवले, आजाऱ्यांचे मलमूत्र काढले, भर उन्हात खेडी पालथी घातली, त्यांपैकी फार थोड्यांची नावे पुस्तकांत आली आहेत. मंडळीतल्या कित्येक घरांत अशी एखादी पणजी, खापरपणजी आहे. ती कुठल्या गावाहून आली, कोणत्या दुष्काळात आली, कोणाचा हात धरून आली, मुक्तीत काय शिकली, कोणाशी तिचे लग्न झाले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून ठाऊक आहे. ती माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, वही-पेन घ्या, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. जुना फोटो, शाळेचा दाखला, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्म-मरणाच्या तारखा यांची प्रत काढून पाळकांकडे द्या. आणि घरात कपाटात रमाबाईंचे बायबल असेल तर ते खाली काढा, आणि येत्या रविवारपासून कुटुंबाच्या प्रार्थनेत त्यातला एक अध्याय मोठ्याने वाचायला सुरुवात करा.